पंचानं मॅच फिरवली? आरोप करण्याआधीची तपासणी

सोलापुरात बास्केटबॉलची चुरशीची मॅच तीन-चार गुणांनी हातची गेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पंच विकला गेलाय बे!" मॅच शाळेच्या सिमेंट कोर्टवर असो की भल्या सकाळी मोबाईलवर लागलेली एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग), वाक्यात फरक पडत नाही. बहुतेकदा तो राग असतो आणि चहापर्यंत विरतो. पण कधी कधी त्यात तथ्य असतं, आणि नेमकं तेव्हाच हाताशी काही नसतं. व्हिडिओ अर्धवट, नोंदी नाहीत, हरकतीची वेळ उलटलेली. खालची पद्धत संघ व्यवस्थापक, कोच आणि पालकांसाठी आहे. घरी बसून एनबीए बघणाऱ्यालाही तिचा बराचसा भाग वापरता येईल.

आरोप नेमका कोणता, ते आधी ठरवा

तीन गोष्टी एकाच शिवीत कोंबल्या जातात: चूक, कल आणि सौदा. चूक म्हणजे एखादा निर्णय चुकला. कल म्हणजे निर्णय वारंवार एकाच बाजूला झुकतात, आणि बऱ्याचदा ते पंचाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. सौदा म्हणजे पैसा किंवा आतली माहिती हात बदलते. चूक झाली का, याचा निकाल टेबलाजवळ (जिथे गुण आणि वेळ नोंदणारे बसतात), त्याच तासात लागतो. कल हंगामभराच्या नोंदींतून दिसतो. सौद्याचा माग पैशाच्या वाटेवर असतो, कोर्टवर तो क्वचितच सापडतो.

हे शेवटचं विधान पटत नसेल तर टिम डोनाघीचं प्रकरण बघा. एनबीएमध्ये १३ हंगाम पंच राहिलेल्या या माणसानं जुलै २००७ मध्ये राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये गुन्हा कबूल केला आणि २००८ साली त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. तो स्वतः पंच असलेल्या मॅचवर पैसे लावायचा आणि बुकीच्या माणसांना टिप द्यायचा. बरोबर आलेल्या टिपेमागे आधी २,००० आणि पुढे ५,००० डॉलर मिळायचे. त्याला पकडलं कुणी? फ्री थ्रो (फाउलनंतर अडथळ्याविना मारायचे शॉट) मोजणाऱ्या प्रेक्षकांनी नाही, लीगच्या निरीक्षकांनीही नाही. एफबीआय न्यूयॉर्कच्या माफिया टोळीच्या जुगाराचा तपास करत होती, त्यात त्याचं नाव निघालं. त्यानं मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या मारल्या, असं सरकारी तपासातही सिद्ध झालं नाही आणि लीगनं नेमलेल्या चौकशीतही नाही. विकली गेली ती माहिती: कुठल्या मॅचला कोण पंच, कुणाचं कुठल्या खेळाडूशी जमत नाही, कोण जखमी आहे. एका मॅचचा व्हिडिओ बघून सौदा ओळखला म्हणणाऱ्यावर त्यामुळेच सहज विश्वास टाकू नये.

नियमाचं पुस्तक कुठलं?

आपल्याकडचे निम्मे आरोप इथेच गळून पडतात. जिल्हा, शालेय आणि विद्यापीठाच्या मॅच फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, आणि प्रेक्षक नियम शिकलेला असतो एनबीए बघून. फिबामध्ये खेळाडू ५ फाउलला बाहेर जातो, एनबीएत ६ ला. क्वार्टर, म्हणजे मॅचचा पाव भाग, फिबात १० मिनिटांचा, तिकडे १२ चा. बचाव करणाऱ्यानं बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंद थांबणं हा एनबीएत नियमभंग आहे, फिबात असा नियमच नाही. चेंडू उचलताना जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नसतं, त्यामुळे "तीन पावलं टाकली!" हा आरडाओरडा बऱ्याचदा फुकट असतो.

टीम फाउलवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. एका क्वार्टरमध्ये संघाचे ४ फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. पण ज्या संघाकडे चेंडू आहे त्याच्याच खेळाडूनं फाउल केला, तर तो टीम फाउलमध्ये धरला जातो आणि फ्री थ्रो मात्र मिळत नाहीत. शिवाय जादा वेळेत टीम फाउल शून्यापासून सुरू होत नाहीत. चौथ्या क्वार्टरचेच पुढे चालू राहतात. ही दोन वाक्यं पाठ असली तरी बाकावरचा निम्मा आवाज कमी होतो.

स्वतःची स्कोअरशीट

मान्य होण्याजोगी हरकत जवळपास नेहमी टेबलावरच्या घोळातून निघते. याचं गाजलेलं उदाहरण १९ डिसेंबर २००७ चं, अटलांटा विरुद्ध मायामी. जादा वेळेत ५१.९ सेकंद उरले असताना टेबलानं मायामीच्या शाकील ओनीलचा सहावा फाउल झाला म्हणून त्याला बाहेर काढलं. प्रत्यक्षात तो पाचवाच होता. मायामीनं हरकत घेतली, ती मान्य झाली, अटलांटाला ५०,००० डॉलर दंड झाला आणि ८ मार्च २००८ रोजी ते ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले गेले. तोवर ओनील दुसऱ्या संघात गेला होता. ब्लॉक की चार्ज (धडकेत चूक बचाव करणाऱ्याची की चेंडूवाल्याची) यावर कितीही ओरडलं असतं तरी मॅच पुन्हा झाली नसती. ती झाली फाउलच्या एका चुकीच्या खुणेमुळे.

म्हणून बाकावर एक माणूस फक्त समांतर स्कोअरशीट भरायला बसवा. राखीव खेळाडू नको, तो मॅचमध्ये गुंततो. कोऱ्या स्कोअरशीटची झेरॉक्स, पॅड आणि दोन पेनं द्या: पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा. रंग बदलला की कुठला फाउल कुठल्या क्वार्टरचा यावर नंतर वाद उरत नाही. मैदानी गोलाला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांना खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल. फाउलच्या चौकोनात साधा वैयक्तिक असेल तर पी, त्यावर दोन फ्री थ्रो दिले असतील तर पी२, टेक्निकलला (गैरवर्तनाच्या फाउलला) टी, अनस्पोर्ट्समनलाइकला (खिलाडूपणाला न शोभणाऱ्या फाउलला) यू, बाहेर काढण्याच्या फाउलला डी.

प्रत्येक क्वार्टर संपला की तीन गोष्टी टेबलाशी जुळवा: एकूण गुण, प्रत्येक खेळाडूचे फाउल, पझेशनच्या बाणाची (वादातला पुढचा चेंडू कुणाला, ते दाखवणाऱ्या) दिशा. टेबलाकडे जाताना कोचनं जाऊ नये, व्यवस्थापकानं जावं, आणि "चुकलंय" म्हणण्याऐवजी "आमच्याकडे ७ नंबरचे तीन दिसतात, तुमच्याकडे?" असं विचारावं. लेखनिक बहुतेकदा कॉलेजचं पोर असतं, अंगावर गेलात की ते आहे तेच धरून बसतं.

काही चुका चालू मॅचमध्येच दुरुस्त होतात: नको असताना दिलेले फ्री थ्रो, हक्काचे असून न दिलेले, भलत्याच खेळाडूला मारायला लावलेले, आणि चुकीनं दिलेले किंवा रद्द केलेले गुण. पण त्याला मुदत आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, खेळ पहिल्यांदा थांबला आणि त्यानंतर चेंडू पुन्हा जिवंत झाला, की ती खिडकी बंद. म्हणजे शंका आली की पुढच्याच थांब्याला टेबलाला कळवायचं. हाफटाइमची वाट पाहिली तर गेलंच.

घड्याळाची तपासणी वेगळ्या माणसाकडे द्या. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर तो शिट्टीला थांबवेल, खेळ सुरू झाला की चालू करेल. हाताच्या वेगामुळे पाव-अर्धा सेकंद फरक पडणारच, तो सोडून द्या. यजमान संघ पुढे असताना प्रत्येक थांब्याला घड्याळ दोन-दोन सेकंद उशिरा थांबतंय असं दिसलं, तर वेळ आणि गुणफलक लिहून ठेवा आणि तिथल्या तिथे मुख्य पंचाला सांगा. शॉट क्लॉक (शॉट मारायच्या मुदतीचं घड्याळ) नसलेल्या कोर्टवर २४ सेकंद कोण मोजणार, रिंगला लागून परत मिळालेल्या चेंडूला १४ कसे धरणार, हे मॅनेजर मीटिंगमध्येच ठरवून घ्या. मॅच सुरू झाल्यावर हा विषय काढला तर तो रडीचा डाव वाटतो.

व्हिडिओ

फोन मधल्या रेषेच्या समोर, शक्यतो गॅलरीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, आडवा, स्टँडवर. सिमेंटच्या कोर्टवर दुपारी सूर्य समोर येतो, त्यामुळे पश्चिमेकडे पाठ करूनच जागा धरा. १०८० पिक्सेल, जमत असेल तर सेकंदाला ६० फ्रेम. ब्लॉक-चार्जचा निकाल एका पावलावर असतो आणि ३० फ्रेममध्ये ते पाऊल धूसर येतं. ३० फ्रेमला तासाला साधारण ६ ते ८ जीबी जागा लागते, ६० ला त्याहून बरीच जास्त, तेव्हा आदल्या रात्री फोन रिकामा करा. विमान मोड चालू, नाहीतर ऐन चौथ्या क्वार्टरला मामांचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. चेंडूच्या मागे झूम करत फिरू नका. दोन्ही पंच चौकटीत राहिले पाहिजेत. ते नसतील तर व्हिडिओचा अर्धा उपयोग संपला.

असं का, ते सांगतो. आपल्याकडे बहुतेक मॅचला दोनच पंच असतात. एक बास्केटच्या मागच्या रेषेवर, दुसरा चेंडूच्या मागून येणारा. दोघांनी दहा खेळाडू बघायचे, त्यामुळे चेंडूपासून लांबच्या बाजूची धक्काबुक्की निसटते. निर्णय चुकीचा वाटला की आधी बघा, पंचाला खेळाडूंच्या मधली फट दिसत होती का, की समोर कुणाची तरी पाठ होती. पाठ असेल तर तो उभं राहण्याचा दोष. समोर, दोन मीटरवर, मोकळी नजर असूनही एकाच बाजूच्या शिट्ट्या गिळल्या जात असतील, तर मात्र ती नोंद ठळक करा.

व्हिडिओ बघताना आवाज बंद. ही तांत्रिक हौस नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फुटबॉलच्या एका अभ्यासात ४० पंचांना तेच प्रसंग दाखवले; काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. तुमच्याही कानावर तोच गोंगाट पडणार आहे. तिघांनी वेगवेगळं बसून बघावं, त्यातला एक दोन्ही शाळांशी संबंध नसलेला असावा, आणि प्रत्येक प्रसंगाला चारपैकी एक शेरा द्यावा: दिलेला बरोबर, दिलेला चूक, न दिलेला बरोबर, न दिलेला चूक. एनबीए मार्च २०१५ पासून अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल याच चार खान्यांत जाहीर करते. तिघांपैकी दोघांचं जुळत नसेल तो प्रसंग वगळा. चौथ्या खान्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मारलेली शिट्टी सगळ्यांना ऐकू येते, न मारलेली फक्त हरलेल्याला.

आकडे वाचताना होणारी फसगत

"त्यांना ३१ फ्री थ्रो, आम्हाला १२" हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो कच्चा माल आहे. समजा शेवटच्या मिनिटात तुम्हीच घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल केले आणि त्यातून ८ फ्री थ्रो गेले. उरले २३. आता रंगीत पट्ट्यात घुसून केलेले प्रयत्न मोजा: त्यांचे ३४, तुमचे १५, कारण तुमचा संघ बाहेरून तीन गुणांचे मारत होता. दर प्रयत्नामागे त्यांना ०.६८ फ्री थ्रो, तुम्हाला ०.८०. अन्याय झालाच असेल तर तो त्यांच्यावर.

मॅचागणिक अशी नोंद ठेवा: क्वार्टर, घड्याळ, गुणफरक, कुठल्या पंचाची शिट्टी, फाउलचा प्रकार, जागा, मुद्दाम केलेला होता का. पंचाचं नाव न लिहिता "उंच" आणि "टोपीवाला" असं लिहिलेली नोंद महिन्यानं कुणालाच कळत नाही. स्कोअरशीटवरून नाव उतरवून घ्या.

मग संख्येचा प्रश्न. एका पंचानं २० फाउल दिले, त्यातले १३ तुमच्यावर. नाणं २० वेळा उडवलं तर १३-७ किंवा त्याहून एकतर्फी निकाल १०० पैकी सुमारे २६ वेळा येतो. म्हणजे यात काहीच नाही. १५-५ किंवा त्याहून वाईट १०० पैकी सुमारे ४ वेळा येतो. हे बघण्यासारखं आहे, पण २५ मॅचच्या स्पर्धेत असं एखाददुसऱ्या वेळी निव्वळ योगायोगानं होणारच. एका मॅचवर कल सिद्ध होत नाही. तोच पंच, पाच-सहा मॅच, वेगवेगळे प्रतिस्पर्धी, आणि झुकाव तोच, असं असेल तर बोला.

एनबीएतल्या २००२ च्या लेकर्स-किंग्ज मालिकेतली सहावी मॅच आजही याच कारणासाठी चघळली जाते. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो, किंग्जना ९. लेकर्स १०६-१०२ नं जिंकले आणि पुढे मालिकाही. डोनाघीनं २००८ साली वकिलामार्फत कोर्टात केलेल्या आरोपांत, मालिका सातव्या मॅचपर्यंत ओढायला पंचांनी मदत केली, असं या मॅचशी जुळणारं वर्णन होतं. लीगनं ते फेटाळलं, कुणावर काही सिद्ध झालं नाही. पंच वाईट झाले, असं ती मॅच बघून म्हणता येतं. विकले गेले, असं म्हणायला २७ हा आकडा पुरत नाही.

कल मात्र मोजता येतो आणि कमीही होतो. एनबीएच्या १३ हंगामांच्या नोंदींवरून जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००७ साली दाखवलं की पंचांचा वंश आणि खेळाडूचा वंश यांचा फाउलच्या संख्येशी थोडा संबंध आहे. त्यावर गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षांच्या नोंदीत तो फरक दिसेनासा झाला. आपण मोजले जातोय हे कळणंच पुरेसं ठरलं असावं.

सोलापुरात याचा एक स्थानिक अवतार आहे. पंच वॉर्मअपला एका बाकाशी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये दोन शब्द हसून बोलला की दुसरा बाक तिथूनच हिशेब मांडायला लागतो. उपाय सोपा आहे: पंचानं दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलावून, दोघांना कळणाऱ्या भाषेतच बोलावं, आणि हे आयोजकांनी आधी सांगावं. पुणे-लातूरहून येणाऱ्या पंचांचं जेवण, मुक्काम, मानधन आयोजक समितीकडून जावं, यजमान शाळेच्या कोचच्या खिशातून किंवा घरून नको. पंचांची वाटणी त्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून, सगळ्या व्यवस्थापकांसमोर करावी.

हरकत: १५ मिनिटं आणि १ तास

फिबाच्या नियमात हरकतीला तीनच कारणं आहेत: गुण, वेळ किंवा शॉट क्लॉकच्या नोंदीतली न सुधारलेली चूक, मॅच रद्द, स्थगित किंवा बहाल करण्याचा निर्णय, आणि खेळाडूच्या पात्रतेचा भंग. "तो फाउल नव्हताच" हे यात बसत नाही. बसवायचा प्रयत्न केलात तर फी जाते आणि खरा मुद्दाही वाहून जातो.

मॅच संपल्यापासून १५ मिनिटांत कर्णधारानं मुख्य पंचाला हरकत असल्याचं सांगून स्कोअरशीटवरच्या हरकतीच्या रकान्यात सही करायची. कोचची सही चालत नाही. कारणं १ तासाच्या आत लेखी द्यायची. फिबाची फी १,५०० स्विस फ्रँक आहे. आपल्या स्पर्धेची फी आणि मुदत परिपत्रकात वेगळी असू शकते, म्हणून परिपत्रक बॅगेत ठेवा आणि फीची रोकडही. रात्री नऊला एटीएम शोधत फिरण्यात तास संपतो. मुख्य पंचाची सही झाली की पंचांचा मॅचशी संबंध संपतो, तेव्हा त्याआधीच स्कोअरशीटच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

मजकूर असा पुरतो:

"तिसऱ्या क्वार्टरमध्ये घड्याळावर ४:१२ असताना आमच्या ९ नंबरच्या खेळाडूनं केलेले दोन गुण अधिकृत स्कोअरशीटवर विरुद्ध संघाच्या नावे नोंदले गेले. आमच्या व्यवस्थापकानं पुढच्याच थांब्याला टेबलाला कळवलं, दुरुस्ती झाली नाही. अंतिम निकाल १ गुणाच्या फरकानं लागला. समांतर स्कोअरशीट आणि व्हिडिओ सोबत जोडला आहे."

एवढंच. विशेषणं नकोत, पंचाच्या हेतूबद्दल अवाक्षर नको. निकाल तरीही विरुद्ध जाऊ शकतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक फायनलला शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवून सोव्हिएत संघानं ५१-५० नं अमेरिकेला हरवलं. ब्राझीलच्या पंचानं स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला, तरी पाच जणांच्या समितीनं ३-२ नं अमेरिकेची हरकत फेटाळली.

सौद्याचा संशय असेल तर

आजचा सौदा मॅच हरण्याचा असेलच असं नाही. एनबीएच्या टोरंटो संघातल्या जॉन्टे पोर्टरवर एप्रिल २०२४ मध्ये आजीव बंदी आली ती त्याच्या वैयक्तिक आकड्यांवर लागलेल्या पैशांमुळे. तो दोन मॅचमध्ये काही मिनिटं खेळून दुखणं सांगून बाहेर बसला, कारण "तो इतक्यापेक्षा कमी गुण करेल" यावर बाहेर पैसे लागले होते. त्याचा संघ जिंकला की हरला, याला त्या सौद्यात किंमतच नव्हती.

त्यामुळे खेळाडूंना हे आधीच सांगून ठेवा: कोण खेळणार, कुणाचा गुडघा दुखतोय, पंच कोण आहे, हे विचारणारा अनोळखी इन्स्टाग्राम मित्र म्हणजे धोक्याची घंटा. मेसेज पुसायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून त्याच दिवशी व्यवस्थापकाला द्यायचा. खेळाडू अल्पवयीन असेल तर आधी पालकांना. स्वतः सापळा रचू नका. "बघू तरी किती देतो" म्हणून बोलणं वाढवलं की तुमचाच नंबर त्या यादीत दिसतो.

तक्रार आयोजक आणि जिल्हा संघटनेला लेखी, पोच घेऊन. शालेय स्पर्धा असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयालाही प्रत. पैशाचा व्यवहार दिसत असेल तर पोलीस ठाणं. सट्ट्याला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, ऑनलाइन पैसे लावण्याच्या खेळांवर २०२५ चा केंद्रीय कायदा, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. कुठलं कलम लागतं ते पोलीस बघतील. तुम्ही मूळ फोन, मूळ फाइल आणि कुणी काय कधी पाहिलं याचं एक पानी टिपण द्या. कापलेली, बाण काढलेली, गाणं लावलेली क्लिप देऊ नका.

तीच क्लिप व्हॉट्सअॅपवर पंचाच्या नावासकट फिरवली, तर त्याच संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी, तुमच्यावर उलटू शकतं. निर्णयावर टीका करायची असेल तर खुशाल करा: प्रसंगाच्या आधीचे दहा सेकंद ठेवा, घड्याळ दिसू द्या, "हा निर्णय आम्हाला चुकीचा वाटतो, कारण बचाव करणाऱ्याची पावलं आधीच रोवलेली होती" असं लिहा. लेखी हरकत दिली असेल, तर तिचा निकाल येईपर्यंत तेही थांबवा. समितीतलं कुणीतरी त्याच ग्रुपवर असतंच.